दादूचा मंतर आणि माझी जीभ

दादू, मी तुला पत्र लिहायला बसलोय हे कळलं असतं तर तू पोट धरून हसला असतास. चाळीस वर्षांच्या दोस्तीत मला तुला अक्षर शिकवता आलं नाही. सगळ्या गावाची पोरं वाचती केली, तू मात्र पाटीवर एक 'द' काढलास, तोही उताणा, आणि 'हे झालं माजं नाव, फुडचं तू लिव' म्हणून उठलास. तुला आलेलं प्रत्येक कार्ड मीच वाचलं. हे तुला कोण वाचून दाखवणार ते ठाऊक नाही. पण दोन आठवडे गप्प बसून झालं, आणि माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला ते झेपत नाही.

तुला नदीवर पोचवून परत फिरताना लोक तुझ्याबद्दलच बोलत होते. "असा गुळव्या पुन्ना व्हायचा न्हाई." "माज्या आईचा इच्चू उतरवला, बायकूचा उतरवला, खरं कवा घोटभर च्या घेतला न्हाई." मग मागून कुणीतरी म्हणालं, "आता त्या हौसाच्या येळंला..." आणि मध्येच थांबलं. मी पुढं चालत होतो म्हणून थांबलं. मी उपरणं सारखं करत चालत राहिलो. सहा वर्षं झाली तरी माझा तो शब्द गावात जिवंत आहे, आणि तू गेलास.

तुझी ओळख पंचक्रोशीत दोन गोष्टींची. एक, गुऱ्हाळावर काहिलीत उकळणारा उसाचा रस नुसता वासावरून ओळखून नेमक्या घटकेला उतरवणारा गुळव्या. दुसरी, विंचू उतरवणारा. मंतर तुला चुलत्यानं दिला होता, आणि त्याबरोबर अटीही दिल्या होत्या. पैसा घ्यायचा नाही, त्या घरचं पाणी प्यायचं नाही, बोलावणं आलं की हातातलं काम टाकून उठायचं, ग्रहणाला कृष्णेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मंतर घोकायचा. आणि एकदा उतारा सुरू केला की माणूस जागचा हलवायचा नाही. ही शेवटची अट कुणी आणि का घातली, हे मी तुला कैकदा विचारलं. तू म्हणायचास, "चुलत्यानं सांगितलं. चुलत्याला त्येच्या गुरूनं." मी म्हणायचो, "आणि गुरूला विंचवानं." तू हसायचास.

मी साताऱ्याला परीक्षा पास होऊन आलो, शाळेत लागलो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात शाळेच्या वळचणीखाली मला विंचवानं धरलं, आठवतंय? पोरांसमोर ओरडायचं नाही म्हणून मी ओठ चावून बसलो होतो. तू पाण्याची पाळी सोडून चिखलाच्या पायांनी आलास. पोरांना घरी पिटाळलंस, समोर मांडी घातलीस, माझा पाय घेतलास, आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत हात वरून खाली फिरवत राहिलास. मध्येच थांबून विचारायचास.

"कुठवर हाय रं इट्या?"

"मांडीत."

"बरं. आता?"

"मांडीतच आहे की, गाढवा."

"शिव्या देतोस म्हंजे खाली याय लागलंय. आता गुडघ्यात बग."

आणि खरंच गुडघ्यात आलं. मग पोटरीत, मग घोट्यात. दिवस कलला तेव्हा नुसता अंगठा ठणकत होता. दुसऱ्या दिवशी चालायला लागल्याबरोबर मी काय केलं असेल तर तुझ्याशी भांडायला आलो. म्हटलं, त्यात मंतराचं काही नाही, चार तासांनी ते आपोआप उतरतं, पुस्तकात लिहिलंय. तू बैलांना वैरण टाकत होतास. मागं न बघता म्हणालास, "आसंल की. मग ते चार तास तुज्याजवळ कोन बसनार हाय, पुस्तक?"

यावर मी तुला अडाणी म्हणालो. पुढं वीस वर्षं हा वाद चालला आणि वीस वर्षं मला उत्तर सुचलं नाही. गंगू म्हातारी महिन्या-दोन महिन्यांनी 'इच्चू चावला' म्हणून तुला बोलावणं धाडायची. एकदा मी बरोबर होतो. तिच्या बोटात सराट्याचा काटा मोडलेला मला लांबून दिसत होता. तू तिच्यापुढं बसलास, हात फिरवलास, कुठवर हाय, कुठवर हाय विचारत राहिलास, लेकीची चौकशी केलीस, म्हशीची केलीस. निघाल्यावर मी तुला धारेवर धरलं. हे ढोंग आहे म्हणालो. तू म्हणालास, "तिला कोन इचारतंय, मास्तर, कुठं दुकतंय म्हणून?" लोकांत तू मला मास्तर म्हणायचास, आपण दोघंच असलो की इट्या. त्या दिवशी दोघंच असून मास्तर म्हणालास, म्हणजे तू चिडला होतास. तुझं चिडणं एवढंच.

आता त्या दिवसाचं लिहायचं. हात मागं घेतो, पण लिहितो.

लढाईची वर्षं होती. गुऱ्हाळ जोरात होतं. अनसाबाई आपल्या चार वर्षांच्या हौसाला घेऊन तिथं चिपाडं वाळत घालायला यायची. पोरगी मोठी गोड. शाळेच्या दारात येऊन बसायची आणि मी पोरांना पाढे म्हणायला लावले की आपली मुंडी हलवायची. त्या दुपारी चिपाडाच्या ढिगात तिनं हात घातला. तांबडा विंचू होता. तू काहिलीपाशी होतास, गूळ उतरायला आला होता, त्या घटकेला गुळव्यानं मान वळवली तरी काहील बिघडते. तू मान काय, हातातलं सगळं टाकून धावलास. सगळी काहील करपली. तिचा वास मला शाळेत आला आणि काय झालं म्हणून मी पळत आलो.

पोरगी आईच्या मांडीवर होती. अंग घामानं निथळत होतं, हात गार, दोनदा ओकली होती. मला ते बघवेना. मी म्हटलं, "गाडी जुंपा. तालुक्याला दवाखान्यात नेऊ." आठ मैलांची वाट. तू हात फिरवता फिरवता म्हणालास, "न्हाई. उतारा चालू केलाय. आता हलवायची न्हाई." अनसाबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तुझ्याकडं बघितलं, आणि ती उठली नाही. तू पोरीशी बोलत होतास. "आमच्या हौसाबायचं कुठं दुकतंय? हिकडं? व्हय? त्येला आपण हाकलू या बग." एकदा ती हसलीसुद्धा. मग तिचा श्वास घुरघुरायला लागला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

गावातली तीस-चाळीस माणसं भोवती उभी होती.  तुझा हात अजून तिच्या हातावर होता. आणि मी बोललो. रागात माझी पुस्तकी भाषा गळून पडते, तू मला त्यावरून चिडवायचास. मी म्हणालो, "दादू, इच्चवानं न्हाई मारली ही पोरगी. तुज्या मंतरानं मारली." एवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "गाडीत घातली आसती तर वाचली आसती." हे अनसाबाईनं ऐकलं. तिचं रडणं थांबलं. तिनं मान वर करून तुझ्याकडं जे बघितलं ते मी पाहिलं. तू खाली बघत होतास.

मला दुःख झालं होतं हे खरं. त्या पोरीवर माझा जीव होता हेही खरं. पण दादू, आज तुला लपवून काय करू, मनाच्या कोपऱ्यात मला हेही वाटलं होतं की आता बोल, आता काय बोलतोस? वीस वर्षांचा वाद मी एका मेलेल्या पोरीच्या जिवावर जिंकला.

तू त्या दिवसापासून मंतर टाकलास. पुढच्या ग्रहणाला सगळे लोक नदीवर आले, तू आला नाहीस. विंचू चावलेलं माणूस दारात आलं की तू हात जोडायचास, आणि मग स्वतः गाडी जुंपून त्याला आठ मैल दवाखान्यात घेऊन जायचास. ऊन असो, वारा असो. कुणी म्हटलं, 'दादू, नुसता हात तरी फिरीव', तर म्हणायचास, "मास्तरांनी सांगितलंय, गाडीत घालायचं." हे मला लोकांनी येऊन सांगितलं. त्यांना वाटलं मी खूश होईन.

माझ्याशी तू भांडला असतास तर बरं झालं असतं. चार शिव्या द्यायच्या होत्यास. तू मला अहो-जाहो करायला लागलास. दोघंच असलो तरी 'मास्तर, बसा', 'मास्तर, येतासा का वड्याकडं'. मी ते कानाआड केलं. म्हटलं, चार दिवसांनी येईल ताळ्यावर. आलास नाहीस. येत होतास, बसत होतास, पण वाद घालत नव्हतास. मी काहीही म्हटलं की 'आसंल' म्हणायचास. माझ्या घरात हयातीत इतकी शांतता कधी नव्हती. तुझ्या 'आसंल'नं मला जे लागलं ते विंचवानं लागलं नव्हतं.

तरी तुझं कार्ड घेऊन यायचास. मारुती, तुझा पोरगा, लढाई संपेपर्यंत पलटणीत होता, त्याची कार्डं यायची. दोन ओळींची, कोरडी, कुणा सोबत्याकडून लिहून घेतलेली. तू उंबऱ्याबाहेर बसायचास आणि मी वाचायचो. एकदा त्यात पायाला लागलंय एवढंच होतं. मी वाचताना पुढं घातलं की जखम भरत आलीय, जेवण चांगलं मिळतं, आईच्या हातच्या भाकरीची आठवण येते. तू ऐकून घेतलंस, कार्ड घडी करून खिशात घातलंस आणि म्हणालास, "मास्तर, ह्यात चार सबुद तुमचं हुतं न्हवं?"

मी म्हटलं, "छे."

"आसूंद्यात. बरं वाटलं."

तेव्हाच मला तुझे पाय धरायला हवे होते. कारण मी त्या घटकेला तेच करत होतो जे तू गंगू म्हातारीच्या दारात करायचास, आणि तू ते मला सुनावलं नाहीस. मी असतो तर सुनावलं असतं.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते. हौसा गेल्यावर वर्षभरानं मी पोटाच्या दुखण्यासाठी सांगलीला गेलो होतो. तिथं एक म्हातारे डॉक्टर होते, बोलके. औषध बांधून देईपर्यंत गप्पा निघाल्या आणि मी आमच्या गावच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून तुझी गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. मला वाटलं ते माझी पाठ थोपटतील. त्यांनी चष्मा काढला. विचारलं, "विंचू तांबडा होता? पोर चार वर्षांचं?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मास्तर, अशी पोरं माझ्या डोळ्यांसमोर गेली आहेत, इथं, या टेबलावर. एवढ्या लहान पोरावर आमच्याकडं उपाय नाही. आठ मैल बैलगाडीत हिसके खात नेली असती तर वाटेतच गेली असती. आईच्या मांडीवर होती ना? आणि कुणीतरी तिच्याशी बोलत होतं ना? मग करण्यासारखं होतं तेवढं सगळं त्या माणसानं केलं."

परत येताना आगगाडीत मी हीच वाक्यं घोकत होतो. ठरवलं होतं, दादूला भेटल्या भेटल्या सांगायचं. आणि स्टेशनावर तूच गाडी घेऊन उभा. माझं पोट दुखतंय म्हणून न सांगता आला होतास. खाली पेंढा घातलेला, वर घोंगडं. सगळी वाट मी तुझ्या पाठीकडं बघत होतो. तू विचारलंस, "डाक्तर काय म्हणला?" दादू, माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "काही नाही. तिखट कमी करा म्हणाला."

का नाही बोललो? स्वतःला शंभरदा विचारलंय. जन्मभर दुसऱ्यांच्या पाटीवर चुका काढणाऱ्या माणसाला आपली चूक पुसता येत नाही, हे एक. दुसरं, मी म्हटलं, आता सगळं निवलंय, कशाला उकरा. निवलं होतं ते माझ्यापुरतं. तू मात्र त्याच आठवड्यात कुणाला तरी गाडीत घालून तालुक्याला निघाला होतास, हे मी शाळेच्या खिडकीतून बघितलं. आज सांगू, उद्या सांगू, करत पाच वर्षं गेली.

शेवटच्या आठवड्यात तुझ्या छातीत कफ भरला होता. मी रोज येत होतो. रोज सांगायचं ठरवून येत होतो आणि गुळाच्या भावाबद्दल बोलून परत जात होतो. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडं बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, "मास्तर, येक इचारू का?" मी म्हटलं, "विचार की." तेवढ्यात सून पेज घेऊन आली. तू दोन घोट घेतलेस, दमलास आणि डोळे मिटलेस. मी थोडा वेळ बसलो. मला सुटल्यासारखं वाटलं. काय विचारणार होतास ते मला माहीत होतं, म्हणून सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मारुती सांगत आला.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर अनसाबाई आली. दारातच उभी राहिली. सहा वर्षांत ती तुझ्या वाटेला गेली नव्हती, तू दिसलास की पदर ओढून दुसऱ्या गल्लीनं जायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तुला पोचवायला मात्र बायकांत लांब उभी होती.

"मास्तर, तुमास्नी येक इचारायचं हुतं."

"बोल की."

"त्या दिशी तुमी म्हणलासा, गाडीत घातली आसती तर पोरगी जगली आसती. ते खरं हाय?"

मी हातातली पुस्तकं खाली ठेवली.

"म्या उठली न्हाई वो, मास्तर. तुमी गाडी जुंपा म्हणत हुतासा आन् मी तशीच बसून ऱ्हायली. सा वर्सं झाली, मला भाकरीचा घास गिळत न्हाई. परवा ते गेलं तवा मला वाटलं, आता येकटी मीच ऱ्हायली."

दादू, माझ्या शब्दानं दोघांना धरलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी फक्त तुलाच मोजत होतो. मी तिला खाली बसवलं आणि सांगलीचे डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. एकही शब्द माझा घातला नाही. ती रडली नाही.

मग म्हणाली, "हे तुमास्नी कवा कळलं?"

"पाच वर्षं झाली."

"त्यास्नी सांगितलासा?"

मी नाही म्हणालो. ती उठली. दारापर्यंत गेली, परत वळली.

"त्यास्नी न्हाई तर न्हाई, मला तरी सांगायचं हुतं. म्या जाऊन सांगितलं आसतं." आणि गेली.

पोरांची मोडीची पुस्तकं आवरत मी बराच वेळ तिथंच होतो. माझ्या बायकोनं शेवटी जेवायला बोलावणं पाठवलं. घरी जाऊन मी तिला म्हटलं, मला भूक नाही. ती म्हणाली, पोट दुखतंय का. मी हो म्हणालो. बघ, अजूनही खोटंच.

काल तुझं तेरावं झालं. तुझ्या अंगणात पंगत बसली. त्या दिवशी गुऱ्हाळावर होती त्यातली बहुतेक माणसं होती. बायका सोप्यात उभ्या होत्या, त्यांत अनसाबाई होती, पहिल्यांदाच तुझ्या दारात आलेली. मी पानावरून उठलो. सोप्याकडं तोंड करून उभा राहिलो. मी म्हणालो, "त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. हौसा दादूमुळं गेली नाही आणि अनसाबाईमुळंही गेली नाही. तिला कुणीच वाचवू शकलं नसतं. हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे आणि मी दादूला सांगितलं नाही."

 सोप्यात कुणीतरी हुंदका दिला. एक म्हातारा म्हणाला, "बसा मास्तर. आन्न वाढलंय." मी बसलो. मारुती भाताचं पातेलं घेऊन पंगतीतून येत होता, माझ्यापुढं थांबला. तुझ्यासारखाच उभा राहतो तो, एक खांदा पाडून. हळू आवाजात म्हणाला, "आबा शेवटपातूर झोपंत हौसा हौसा करत हुतं, मास्तर." आणि माझ्या पानात भात घातला. मी तो खाल्ला. सगळा खाल्ला.

तू पितरांना घास ठेवायचास तेव्हा मी तुला म्हणायचो, मेलेल्याला ऐकू येत नाही, दादू, कुणाशी बोलतोस? आजही माझं मत बदललेलं नाही. तुला यातलं काही ऐकू जाणार नाही. जे ऐकून तू बरा झाला असतास ते माझ्या तोंडात पाच वर्षं तसंच राहिलं, आणि आता मी ते कुणालाही सांगितलं तरी तुला सांगितल्यासारखं होणार नाही. तरी सांगतो. मोठ्यानं म्हणतोय, घरात कुणी नाही.

दादू, हौसा तुझ्यामुळं गेली नाही रे.